डोंगरउतारावरचे थर आणि जुनी थंडी: एक थर म्हणजे एक हिवाळा असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात कोन्याकच्या बाजूला फिरताना द्राक्षमळ्यांच्या मधे एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत तुम्हाला भिंतीसारखा कापलेला उतार दिसला, त्यात चुनखडीच्या बारीक कपच्यांचे तिरके थर एकावर एक, कुणीतरी हाताने रचावेत तसे, आणि सोबतच्या माणसाने सांगितलं की हे हिमयुगातलं आहे, एकेक थर म्हणजे एकेक हिवाळा, मोजले तर वर्षं मिळतात. तुम्ही विचारताय हे खरं का, नुसत्या खडीवरून हजारो वर्षांपूर्वीची थंडी कशी कळते, आणि आपल्या सह्याद्रीत असं काही सापडेल का.

आधी सरळ उत्तर देते. हिमयुगातलं आहे हे बरोबर. एक थर एक हिवाळा हे चूक, आणि ही चूक एकेकाळी आमच्या विषयातल्या चांगल्या चांगल्या लोकांनी केलेली आहे त्यामुळे त्या माणसाला दोष देऊ नका. सह्याद्रीत हे मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हे समजलं की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही जास्त पक्की होतात. मी पुण्यात जिऑलॉजी शिकले, गेली वीसेक वर्षं उतारावरच्या गाळाचंच काम करतेय, आल्प्समधे, थोडं लडाखमधे, आणि तुम्ही बघितलेल्या त्या भागात बऱ्याचदा. त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगते.

तुम्ही बघितलं त्याला फ्रेंचमधे ग्रेझ लिते म्हणतात. ग्रेझ म्हणजे चुनखडीची बारीक टोकदार खडी, लिते म्हणजे थर लागलेली. १९५१ साली ईव्ह गिलियाँ नावाच्या अभ्यासकाने शारांत भागातल्या, म्हणजे कोन्याक ज्या भागात येतं तिथल्या, ह्या गाळाचं वर्णन केलं तेव्हापासून ते नाव जगभर चालू आहे, आता पेरू असो की पोलंड, कुठेही असा गाळ दिसला की लोक ग्रेझ लिते म्हणून मोकळे होतात, जे मला फारसं आवडत नाही कारण नाव दिलं की माणूस विचार करायचं थांबतो. गावातल्या लोकांना मात्र ही खडी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. फोडायला लागत नाही, आयतीच फुटलेली आहे, रस्त्याला आणि पायवाटांना टाकायला उत्तम, म्हणून तर तिथे जागोजागी छोट्या खाणी आहेत. आपल्याकडे मुरूम काढायला टेकडी कापतात ना, तसंच.

त्या भिंतीत नक्की काय असतं ते बघा. दगड लहान, बहुतेक दोन-तीन सेंटीमीटरच्या आतले, कडा धारदार, कुठे गोलाई नाही. म्हणजे नदीने आणलेले नाहीत, नदीत घासून दगड गोटा होतो. थर साधारण १० ते २५ सेंटीमीटर जाडीचे आणि दोन प्रकारचे, आलटून पालटून. एका थरात नुसते दगड, मधल्या फटी रिकाम्या, बोट घातलं तर आत जातं, ह्याला मी पोकळ थर म्हणते. दुसऱ्यात तसेच दगड पण मधली जागा पोयट्याने आणि बारीक मातीने भरलेली, हा भरीव थर. पोकळ, भरीव, पोकळ, भरीव असं वरपर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे थर ज्या उतारावर बसलेत तो उतार पुष्कळदा अगदी सौम्य असतो, दहा अंशांचा वगैरे, काही ठिकाणी त्याहूनही कमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दगड फुटला कसा. शाळेत आपण शिकतो की फटीत पाणी जातं, गोठलं की ९ टक्के फुगतं आणि दगड फोडतं, फ्रीझरमधे ठेवलेली काचेची बाटली फुटते तसं. हे खोटं नाही पण अपुरं आहे. बाटली फुटते कारण ती पूर्ण भरलेली आणि बंद असते, दगडातली छिद्रं बहुतेक वेळा अर्धवट भरलेली आणि एकमेकांना जोडलेली असतात, फुगणाऱ्या बर्फाला पसरायला जागा मिळते. जास्त काम करतो तो दुसरा प्रकार. दगडाचा काही भाग गोठला की तो गोठलेला भाग आजूबाजूचं न गोठलेलं पाणी स्वतःकडे ओढत राहतो आणि आत बर्फाची पातळ पापडी वाढत जाते, ती पापडी दगड उकलते. त्यासाठी तापमान शून्याच्या खाली, साधारण उणे ३ ते उणे ८ अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ टिकून राहावं लागतं आणि पाणी मिळत राहावं लागतं. रात्री शून्याखाली आणि सकाळी नऊला परत वर, एवढ्याने दगडाच्या पोटात फारसं काही होत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाहीये. फ्रान्सच्या उत्तरेला काँ शहरात सीएनआरएस ह्या सरकारी संशोधन संस्थेच्या भूरूपशास्त्र केंद्रात लोत्रिदू, ओझूफ ह्या लोकांनी शीतकक्षात दगड ठेवून वर्षानुवर्षं गोठवून वितळवून बघितले. सच्छिद्र चुनखडी पाण्याने भरलेली असेल तर भराभर फुटते, काही नमुने थोड्याशा आवर्तनांतच भुगा होतात, तर ग्रॅनाइट आणि बसाल्टसारखे घट्ट दगड शेकडो आवर्तनं खाऊनही जवळपास तसेच. म्हणजे ढिगात कपच्या किती पडल्या ह्यावरून थंडी किती होती हे सरळ काढता येत नाही, आधी दगड कुठला ते विचारायचं. शारांतमधे जुरासिक आणि क्रिटेशस काळातली चुनखडी आहे, फुटायला अगदी तयार, म्हणून तिथे ढीगच्या ढीग. थंडी तेवढीच पण दगड कठीण असता तर खाणच झाली नसती.

मग थर. इथे खरी गंमत आहे आणि इथेच तो एक हिवाळावाला मुद्दा येतो. जुनी कल्पना अशी होती की उताराच्या वरच्या अंगाला बर्फाचा ढीग उशिरापर्यंत टिकायचा, उन्हाळ्यात तो वितळताना पाणी खडीतून वाहायचं, बारीक माती धुऊन खाली न्यायचं, मागे पोकळ थर उरायचा, पुढच्या मोसमात परत नवी खडी, परत धुणं. ऐकायला इतकं नीट वाटतं की मलाही विद्यार्थी असताना शंका आली नव्हती. थर आहेत, ऋतू आहेत, जोडून टाका. पण जरा हिशोब करून बघा, पाण्याने दहा अंशांच्या उतारावर एवढी माती धुतली तर पाण्याच्या खुणा दिसायला पाहिजेत, छोट्या ओघळी, खोदलेल्या नाळ्या, वाळूचे बारीक पापुद्रे, आणि थर मैदानात पाणी पसरल्यासारखे. काही काही ठिकाणी तसं दिसतं, नाही असं नाही, पण शारांतच्या बऱ्याचशा भिंतींत दिसत नाही.

उत्तर मिळालं ते भलतीकडे, जिथे हे आजही घडतंय तिथे जाऊन. बर्नार फ्रांकू यांनी १९८०च्या दशकात पेरूच्या अँडीजमधे खूप उंचावर उतारांवर खुणा करून दगड कसे सरकतात ते बघितलं, नंतर पास्काल बर्त्रां, झाँ-पिएर तेक्सिए आणि फ्रांकू यांनी फ्रेंच आल्प्समधले चालू उतार कापून आतली रचना बघितली आणि १९९५मधे मांडलं की हे थर सरकणाऱ्या मातीच्या जिभांमुळे होतात. ते कसं ते सांगते कारण हे एकदा डोळ्यासमोर आलं की विसरत नाही.

थंड डोंगरावर रात्री जमिनीच्या वरच्या थरात बर्फाच्या सुया उगवतात, अक्षरशः उभ्या सुया, दोन-चार सेंटीमीटरच्या, त्या खडे वर उचलतात. दिवसा सुया वितळल्या की खडा जिथून उचलला तिथे परत पडत नाही, उताराच्या बाजूला किंचित पुढे पडतो. वारंवार गोठण्या-वितळण्यामुळे दगड वर येतात आणि माती खाली राहते. वसंतात वरचा थर वितळतो, खालचा अजून गोठलेला, पाणी खाली जिरत नाही, वरचा चिखल फुगलेला आणि ढिला, तो हळूहळू उतरायला लागतो, ह्याला सॉलिफ्लक्शन म्हणतात. ह्यात वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त वेगाने पुढे जातो, म्हणजे वरचे दगड सगळ्यात पुढे जातात आणि जिभेच्या टोकाला त्यांचा बांध तयार होतो. आता पोकलेनचा पट्टा आठवा. पट्ट्याचा वरचा भाग पुढे येतो, टोकाला खाली वळतो आणि जमिनीवर पडून राहतो, मशीन त्याच्यावरून पुढे जातं. तसंच इथे, टोकाचे दगड खाली पडतात आणि मागून येणारी मातकट जीभ त्यांच्यावर चढते. झालं, खाली पोकळ थर, वर भरीव थर. मग मागून दुसरी जीभ येते, परत तेच.

म्हणजे एक जोडी म्हणजे एक जीभ तिथून गेली. तिला किती वर्षं लागली? अशा जिभा वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, समजा जीभ ५ मीटर लांब आहे आणि वर्षाला ५ सेंटीमीटर सरकते तर एका जागेवरून पूर्ण जायला १०० वर्षं. उतार, पाणी, माती बदलली की हा आकडाही बदलणार, पण एक वर्ष कुठल्याही हिशोबाने येत नाही. शिवाय एक जीभ अर्ध्यात थांबू शकते, दुसरी बाजूने येऊन तिच्यावर चढू शकते, त्यामुळे थर मोजून कॅलेंडर करणं सोडूनच द्यायचं. तळ्यातल्या गाळात किंवा ग्रीनलंडच्या बर्फात वर्षाचे थर मोजता येतात कारण तिथे साचणं शांत असतं आणि ऋतूनुसार असतं, उतारावर तसं नसतं.

माझ्या दृष्टीने ह्या सगळ्या विषयाचा गाभा हा आहे की थर बघून आधी क्रिया ओळखायची, मग क्रियेवरून हवामान. मधली पायरी गाळली की घोटाळा. कारण थर लागलेली खडी थंडीशिवायही होते. कड्याखाली ३३-३५ अंशांच्या उभ्या ढिगावर सुटे दगड आपल्या वजनाने घरंगळतात, मोठे दगड वर आणि पुढे जातात, बारीक खाली राहतात, थर तयार. वाळवंटातही होतं. मुसळधार पावसात दगडमातीचा लोंढा येतो, नंतरच्या पावसाने त्याच्या वरची माती धुतली की तिथेही पोकळ-भरीव अशी जोडी दिसू शकते. आणि एक उदाहरण तर मला फार आवडतं, कॅनडात क्वेबेकच्या गास्पेझी भागात बर्नार एतू यांनी हिवाळ्यात कड्यांखाली उभं राहून निरीक्षणं केली. तिथे दगडांवर दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, पातळ थर बसतो, त्यामुळे दगड एकमेकांवरून सहज सरकतात आणि कोरड्या दगडांना लागतो त्याहून कमी उतारावरही लांबपर्यंत वाहत जातात. ह्यातून थर लागलेला ढीग आज, आपल्या काळात तयार होतोय, आणि आजूबाजूला जंगल आहे! म्हणजे थर लागलेली खडी दिसली की तिथे उघडी बोडकी ध्रुवीय जमीन होती असं म्हणता येत नाही. कडक हिवाळा होता एवढं म्हणता येतं.

मग वेगळं कसं करायचं. पहिली गोष्ट उतार, जो मी लक्षात ठेवायला सांगितला. सुटे कोरडे दगड दहा अंशांवर घरंगळत नाहीत, तिथेच थांबतात, त्यामुळे एवढ्या सौम्य उतारावर थर सलग लांबपर्यंत जात असतील तर घरंगळणं बाद. दुसरं, दगडांची दिशा. आम्ही एका थरातले चाळीस-पन्नास लांबट दगड निवडतो आणि प्रत्येकाचा लांब अक्ष कुठे वळलाय, किती झुकलाय ते कंपासने मोजतो, कंटाळवाणं काम आहे पण त्याला पर्याय नाही. संथ सरकणाऱ्या मातीत दगड उताराच्या दिशेने एका रांगेत येतात, अगदी शिस्तीत. घरंगळलेल्या ढिगात ते विखुरलेले असतात, लोंढ्यात मधलंच काहीतरी.

तिसरं, आणि मला सगळ्यात विश्वासाचं वाटणारं, दगडाच्या डोक्यावरची टोपी. बर्फ वितळताना पाणी खाली झिरपतं, त्याच्यासोबत बारीक पोयटा खाली जातो आणि दगडाच्या वरच्या अंगावर बसतो, मऊ पिठासारखा लेप. दगड जागचा हलला नाही तर टोपी डोक्यावरच राहते. दगड सरकताना फिरला तर तीच टोपी कुशीला किंवा पोटाखाली जाते, सतत गोल फिरत राहिला तर सगळीकडून लेप. म्हणजे एका दगडावरून दोन गोष्टी कळल्या, इथे गोठणं-वितळणं होतं आणि दगड सरकत होता. गाळाचा अख्खा ठोकळा न मोडता काढून त्यात रेझिन मुरवतात, कडक झाला की कापून घासून काचेवर पातळ चकती करतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यात ह्या टोप्या दिसतातच, शिवाय माती भिंगाच्या आकाराच्या पातळ चकत्यांमधे फुटलेली दिसते. त्या चकत्यांच्या मधल्या फटी म्हणजे एकेकाळी तिथे असलेल्या बर्फाच्या पापड्यांच्या जागा. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, जागा राहिली. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्या आयपीसवरून डोळा काढला नव्हता.

किती थंडी होती हे विचाराल तर मी एक आकडा देणार नाही आणि कुणी नुसत्या थरांवरून दिला तर विश्वास ठेवू नका. हा गाळ सांगतो की हिवाळ्यात जमीन बरीच खोल गोठत होती, वसंतात वितळताना पाणी भरपूर होतं आणि उतारावर झाडं नव्हती किंवा फार विरळ होती, कारण दाट मुळं असली तर माती अशी सरकत नाही. जमीन बारा महिने गोठलेली होती का हे ह्यावरून ठरत नाही, त्याच्यासाठी दुसरे पुरावे लागतात, जमिनीला उभ्या भेगा पडून त्यात बर्फाची पाचर वाढते, ती वितळल्यावर भेगेत माती भरते, ती भरलेली पाचर मिळाली तर बारमाही गोठलेल्या जमिनीबद्दल बोलता येतं. सगळ्यात कडक काळात, म्हणजे साधारण २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी, शारांत अशा गोठलेल्या प्रदेशाच्या दक्षिण काठाजवळ होता. आज तिथे वर्षाची सरासरी १२-१३ अंश आहे आणि द्राक्षं पिकतात.

आणि पाणी हा मुद्दा लोक विसरतात. लडाखमधे साडेचार हजार मीटरच्या वर मी अशा जिभा शोधत फिरले, थंडी हवी तेवढी आहे, कपच्या हव्या तेवढ्या आहेत, पण बहुतेक उतारांवर नुसते कोरडे ढीग. लेहला वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास, माती भिजायलाच काही नाही. जिभा दिसल्या त्या फक्त जिथे वर बर्फ उशिरापर्यंत साठून राहतो आणि त्याचं पाणी उताराला मिळत राहतं अशा कोपऱ्यांत. तर हिमयुगातला फार थंड पण फार कोरडा काळ असेल तर त्याचे असे थर कमी मिळतील, आणि थोडा कमी थंड पण ओला काळ जास्त जाड थर सोडून जाईल. जाड थर म्हणजे जास्त थंडी असं वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

हवामान सरळ दगडावरून वाचण्याचा एक मोठा प्रयत्न शारांतच्या शेजारीच, पेरिगोरमधे झाला होता. तिथे खडकांच्या कपारीत आदिमानवांची ठिकाणं आहेत, कोंब ग्रेनाल, ल मुस्तिए वगैरे, फ्रान्स्वा बोर्द यांनी कोंब ग्रेनालमधे १९५३पासून खोदून साठच्या वर थर वेगळे केले. १९७०च्या दशकात आंरी लाव्हिल यांनी अशा कपारींमधल्या चुनखडीच्या कपच्या मोजून, टोकदार आणि मोठ्या असतील तर थंड, झिजलेल्या असतील तर उबदार, असं करत सगळ्या भागाचा थंड-उबदार क्रम लावला आणि एका कपारीचे थर दुसरीशी जुळवले. मेहनत प्रचंड होती. पण पुढे कालमापनाच्या स्वतंत्र पद्धती आल्या तेव्हा जुळवलेले थर एका वयाचे निघेनात, आणि तेक्सिए यांनी त्याच जागा परत बघितल्या तेव्हा दिसलं की पुष्कळसा गाळ छतावरून तिथल्या तिथे पडलेला नाही, उतारावरून सरकत आलेला आहे. म्हणजे जो हवामानाचा क्रम वाटत होता त्यात कपारीचं छत कोसळणं, सरकणं, धुणं असं स्थानिक बरंच मिसळलेलं होतं. मी ही गोष्ट दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते, लाव्हिल यांना कमी लेखायला अजिबात नाही, त्यांच्याएवढं बारकाईने दगड मोजणारे आज कमीच आहेत, पण मधली पायरी गाळली की मेहनतसुद्धा वाचवत नाही म्हणून.

वय कसं ठरवतात हे थोडक्यात. कोळसा किंवा हाडं मिळाली तर रेडिओकार्बन, साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालतं, पण ह्या गाळात सेंद्रिय काही फार कमी मिळतं. मग ओएसएल, क्वार्ट्झचा कण शेवटचा उन्हात कधी होता ते मोजायची पद्धत. चुनखडीत क्वार्ट्झ कमी, पण बऱ्याच ठिकाणी भरीव थरातला काही पोयटा वाऱ्याने उडून आलेला असतो, त्यात कण मिळतात. अडचण अशी की चिखलाच्या पोटात सरकणाऱ्या कणाला ऊन नीट लागलेलंच नसतं, मग वय आहे त्यापेक्षा जास्त येतं, म्हणून एकेक कण वेगळा मोजून बघावा लागतो. मधेच एखादा तपकिरी मातीचा पट्टा दिसला तर फार चांगलं, तो म्हणजे उतार थांबला होता, वर गवत-झाडं आली होती, थंडी काही काळ ओसरली होती. आणि माणसांच्या जागांवरची हाडं साक्षीला आहेतच. त्या काळातल्या पेरिगोरच्या माणसांच्या जेवणात रेनडिअर भरपूर, लास्कोच्या चित्रांच्या गुहेत सापडलेली हाडंही बहुतेक रेनडिअरचीच (भिंतींवर मात्र घोडे आणि बैल, रेनडिअर जवळपास नाहीच, हे कोडं मला कायम खुणावतं). रेनडिअर आता नॉर्वे-फिनलंडकडे बघायला जावं लागतं. शेवटचा कडक झटका १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा, त्यानंतर उतारांवर जंगल आलं आणि ते थर जिथल्या तिथे थांबले.

आता सह्याद्री. कड्यांच्या पायथ्याला आपल्याकडेही टोकदार डबराचे ढीग आहेत आणि ट्रेकला गेलेले लोक मला फोटो पाठवून विचारतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दहिवर पडलं की दरवर्षी पेपरात फोटो येतो, पण ते गवतावर आणि बोटींच्या फळ्यांवर पहाटेपुरतं असतं, दगडाच्या पोटात गोठण जात नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ, हिमयुगात आपल्याकडे गारवा वाढला असेल तरी डोंगर खोलवर गोठण्याइतका नाही. आणि दगड बसाल्ट, जो काँच्या शीतकक्षातही फुटायला नाखूश होता. आपला बसाल्ट फुटतो तो थंड होताना पडलेल्या जुन्या सांध्यांवर, पाणी मुरून, मुळं घुसून, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत सुटत. खाली येतो तो पावसाने. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, तिन्ही दरडी जुलैतल्या. अशा दरडीचा गाळ मोठे धोंडे, लाल चिकणमाती, झाडं, सगळं एकत्र कालवलेलं, त्यात पोकळ-भरीव असा क्रम नाही, टोप्या नाहीत. सह्याद्रीतल्या एखाद्या जुन्या ढिगात असा लाल कालवलेला गाळ दिसला तर तो जुना पाऊस सांगतोय, आणि ते वाचणं आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे कारण त्याच उतारांच्या पायथ्याशी आजही वाड्या आहेत. दरड पूर्वी कुठपर्यंत आली होती हे त्या ढिगाच्या कडेवर लिहिलेलं असतं.

हिमयुगाचा आपल्याकडे परिणाम झालाच नाही असं मात्र नाही. जग थंड झालं तेव्हा आपला मान्सून मंदावला. डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी प्रवरा, मुळा अशा नद्यांच्या काठांचा अभ्यास केला, नद्यांना गाळ वाहून न्यायची ताकद उरली नाही म्हणून पात्रं भरत गेली, नंतर मान्सून जोरात आला तेव्हा त्याच गाळात नद्यांनी खोल कापून घेतलं, नेवाशाला प्रवरेच्या काठावर ते उभे कडे दिसतात. नीलगिरीतल्या दलदलीत कुजून साठलेल्या वनस्पतींच्या थरातही त्या काळात कोरडं गवत वाढल्याच्या खुणा आहेत. त्याच थंडीची नोंद, पण आपल्याकडे ती नदीकाठी आणि दलदलीत बघायची.

परत शारांतला गेलात तर एवढं करा. भिंतीच्या अगदी खाली उभे राहू नका, खडी सुटी आहे आणि वरून कधीही ढासळते, बाजूच्या बुटक्या कापावर बघा. फोनमधल्या लेव्हल ॲपने थराचा उतार मोजा, पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, एकच थर डावीकडून उजवीकडे किती लांब जातो ते बघा. मग भरीव थरातला सुपारीएवढा एक दगड वरची बाजू लक्षात ठेवून हळूच काढा आणि वरून अंगठा फिरवा. पिठासारखा मऊ लेप लागला तर त्याचा जवळून फोटो मला पाठवा, लेप डोक्यावर आहे की कुशीला ते नक्की लिहा.